विश्लेषण : ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे उत्तर का चालत नाही?

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये लेथवर नवा जॉब लागला की आधी सेटिंग होते. पहिला नग काढून मापतात, माप बसले की मगच पुढचे नग निघतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या या पहिल्या औद्योगिक वसाहतीत आता कारखान्यांना लागून आयटी पार्क उभे आहेत. तिथला जॉब वेगळा, पण सेटिंगचा प्रश्न तोच. जावात लिहिलेले बँकेचे किंवा विम्याचे सॉफ्टवेअर तपासायचे तर आधी सर्व्हर उभा करावा लागतो. तो दर वेळी हाताने उभा केला, तर चाचणीच्या निकालावर विश्वास किती ठेवायचा?

इंटिग्रेशन टेस्ट म्हणजे काय?

युनिट टेस्ट एक सुटा भाग तपासते. उदाहरणार्थ, व्याजाचे सूत्र बरोबर आहे का. इंटिग्रेशन टेस्ट भाग जोडल्यावर काय होते ते पाहते. ग्राहकाने बटण दाबले, विनंती सर्व्हरकडे गेली, डेटाबेसमध्ये नोंद झाली, उत्तर परत आले, ही साखळी कुठे तुटते का? त्यासाठी टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, वेबलॉजिक यांपैकी एखादा सर्व्हर खरोखर चालू असावा लागतो. (काटेकोर बोलायचे तर टॉमकॅट हा सर्व्हलेट कंटेनर. पण ऑफिसात त्याला सगळे सर्व्हरच म्हणतात.)

हाताने केलेली सेटिंग कुठे फसते?

कामांची यादी छोटी दिसते. जावाची योग्य आवृत्ती टाका, टॉमकॅट उघडा, डेटाबेसचा ड्रायव्हर योग्य फोल्डरमध्ये ठेवा, पासवर्ड आणि पोर्ट भरा, ॲप्लिकेशनची वॉर फाइल टाका, सर्व्हर सुरू करा. पण एकाच्या लॅपटॉपवर टॉमकॅट ९ असतो, दुसऱ्याच्या १०. टॉमकॅट १० मध्ये ‘जावाएक्स’ने सुरू होणारी अनेक पॅकेजनावे ‘जकार्ता’ झाली, त्यामुळे ९ वर चालणारे ॲप्लिकेशन तिथे जसेच्या तसे चालत नाही. कुणाचे ८०८० पोर्ट आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेले असते.

डेटाबेसचा फरक याहून फसवा. सोय म्हणून टेस्ट एच२ या हलक्या डेटाबेसवर चालवतात आणि प्रत्यक्षात ओरॅकल असतो. ओरॅकल रिकाम्या मजकुराला ‘नल’ मानतो, एच२ सहसा मानत नाही. मग ग्राहकाने पत्त्याची दुसरी ओळ रिकामी सोडली की टेस्टमध्ये पास झालेला फॉर्म प्रत्यक्षात अडकू शकतो. अशा वेळी ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे उत्तर खरे असते, पण उपयोगाचे नसते.

एका सर्व्हरने किती नुकसान होऊ शकते?

१ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने नवे सॉफ्टवेअर आणले. ते आठ सर्व्हरवर टाकायचे होते. काम हाताने झाले आणि एक सर्व्हर राहून गेला. त्यावरचा जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे झाले. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या आदेशानुसार नुकसान ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त होते. दुसऱ्या कुणी काम तपासून पाहावे, असा लेखी नियमच तिथे नव्हता. पुढच्याच वर्षी कंपनीचे गेटको या दुसऱ्या कंपनीशी विलीनीकरण झाले. ही चूक प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवरची होती, चाचणीच्या नव्हे. पण हाताने केलेल्या सेटिंगची जात दोन्हीकडे एकच.

मग आपोआप कसे करतात?

वर्कशॉपमध्ये जॉब दर वेळी त्याच जागी पकडावा म्हणून फिक्श्चर लावतात. गंमत म्हणजे जेयुनिटसारख्या टेस्टिंगच्या साधनांतही, टेस्टआधी तयार ठेवलेल्या ठरावीक परिस्थितीला ‘फिक्श्चर’च म्हणतात. सर्व्हरची सेटिंग कोडमध्ये लिहून ठेवणे हे मोठे फिक्श्चरच.

जावातल्या मेवन या बिल्ड साधनात त्यासाठी टप्पे ठरलेले आहेत. इंटिग्रेशन टेस्टच्या आधीच्या टप्प्यात सर्व्हर उभा राहतो, मधल्यात टेस्ट चालतात, नंतरच्यात सर्व्हर बंद होतो. सर्व्हर चालू-बंद करायला कार्गोसारखे प्लगइन वापरता येते. टेस्ट चालवणाऱ्या ‘फेलसेफ’ प्लगइनचे नाव उगाच नाही. टेस्ट पडली तरी ते लगेच बिल्ड तोडत नाही. आधी सर्व्हर बंद होऊ देते आणि मग ‘व्हेरिफाय’ टप्प्यात नापास जाहीर करते. नाहीतर चालूच राहिलेला सर्व्हर पोर्ट अडवून बसतो आणि पुढच्या टेस्ट विनाकारण पडतात.

दोन बारकावे इथे बहुतेक जण चुकवतात. पोर्ट ठरावीक ठेवू नये, मोकळे पोर्ट ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच मागावे. आणि सर्व्हर सुरू व्हायला ‘३० सेकंद थांबा’ असे लिहू नये. मशीन हळू असेल तर ३० कमी पडतात, वेगवान असेल तर फुकट जातात. सर्व्हरला ‘तयार आहेस का?’ असे थोड्या-थोड्या वेळाने विचारत राहावे, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर स्पष्ट कारण देऊन थांबावे.

अलीकडे टेस्टकंटेनर्स ही लायब्ररी जास्त वापरली जाते. ती डॉकरच्या मदतीने खरा डेटाबेस किंवा सर्व्हर टेस्टपुरता उभा करते आणि नंतर पुसून टाकते. एच२-ओरॅकलसारखी तफावत त्यामुळे टळते.

अडचणी कोणत्या?

वेळ लागतो. युनिट टेस्ट सेकंदात होतात, या मिनिटे खातात. म्हणून सगळ्याच गोष्टी इंटिग्रेशन टेस्टमध्ये कोंबणे चूक आहे. डॉकर डेस्कटॉप २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना फुकट नाही, त्यामुळे परवान्याचा खर्च आला. पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहून ती सगळ्यांसाठी ठेवण्याचा मोह तर नेहमीचा. ते वेगळेच ठेवावे लागतात.

मॅन्युअल टेस्टिंगमध्ये पहिली नोकरी लागलेल्यांना याची धास्ती वाटणे साहजिक आहे. सर्व्हर उभा करण्याचे काम त्यांच्या हातून जाईल, हे खरे. पण पत्त्याची ओळ रिकामी सोडून पाहावी, हे स्क्रिप्टला कुणीतरी सांगावे लागते.