मत कोणाचे, निर्णय कोणाचा?

गावची निवडणूक म्हणजे चार दिवसांची धामधूम, असा समज आपल्या लोकांत दृढ होऊन बसला आहे. पोलादपूर तालुक्यातील कापड्यासारख्या गावी पाणी, दिवाबत्ती व पाखाड्या ज्या पंचायतीच्या हाती, तिच्या निवडणुकीस खेळ कसे म्हणावे? हा अधिकार कोणत्या मार्गाने आपल्या दारी आला, हे पाहिल्यास त्याचे मोल कळेल.

विलायतेतही तो एका दिवसात आला नाही. तेथील पुष्कळ नगरसभांत पूर्वी जुने सभासदच नवे सभासद नेमीत. १८३५ च्या कायद्याने करदात्यांस मत मिळाले, व त्या कायद्याच्या आधारे मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहरास १८३८ साली स्वतःची नगरसभा लाभली. नगरसभेसाठी करदात्या स्त्रियांस मत १८६९ साली मिळाले. गुप्त मतदान तर १८७२ साली आले.

इकडे लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, व १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यातील लोकल बोर्डांत व म्युनिसिपालिट्यांत लोकनियुक्त सभासद बसू लागले. परंतु मत कोणास? जो मालमत्ता बाळगी अथवा कर भरी, त्यास. कूळ, मजूर, अस्पृश्य व स्त्रिया बहुधा बाहेरच राहिल्या.

याचे फळ शेजारच्या महाडाने पाहिले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे, असा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. त्यास अनुसरून महाड म्युनिसिपालिटीने १९२४ साली चवदार तळे खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखा सुधारक तेथे होता. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्या लोकांवर हल्ला झाला. आणि त्याच म्युनिसिपालिटीने ऑगस्टात आपला ठराव मागे घेतला! यात नवल ते काय? ज्यांस पाणी नाकारले होते, त्यांची मते सभासदांस मोजावी लागत नव्हती. जो हक्क मतपेटीने राखावयाचा, तो राखण्यास पुढे दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

आज स्थिती पालटली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली प्रत्येक प्रौढास मत आहे. १९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने पंचायतीची मुदत पाच वर्षे ठरवून दिली व मागासलेल्या जातिजमातींस व स्त्रियांस राखीव जागा दिल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत.

तथापि, मिळालेले मत आपण जपतो काय? नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड होऊन २०२१ साली राज्य निवडणूक आयोगास तेथील निवडणुका रद्द कराव्या लागल्या. मार्च २०२२ मध्ये रायगडसह अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याची आज्ञा करावी लागली. इतकी वर्षे किती गावांनी याचा जाब विचारला?

आमच्या खोऱ्यातील गावांत 'बिनविरोध' हा शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारला जातो. एकोपा कोणास नको? पण चार मातबरांनी देवळाच्या ओट्यावर, अथवा चाकरमान्यांनी मुंबईच्या खोलीत नावे ठरवावी, आणि बौद्धवाडीस, आदिवासीवाडीस व घरच्या बायकांस ती फक्त कळवावी, याला एकोपा म्हणता येत नाही. जुन्या विलायती नगरसभांचा कारभार याहून वेगळा नव्हता. एकमत करावयाचेच, तर ते भर ग्रामसभेत, सर्वांस विचारून करा. तसे होत नसेल, तर मतपेटी उघडू द्या. ज्याचे मत मोजावे लागत नाही, त्याच्या तहानेचीही कोणी मोजदाद ठेवीत नाही, हे चवदार तळ्याने एकदा शिकविले आहे. तो धडा पुन्हा गिरविण्याची पाळी आपण येऊ देऊ नये.