गोवर गेला, पण धोका गेला का?

पुरळ मावळले, ताप उतरला की "गोवर गेला" म्हणून आपल्या घरांत सगळे निर्धास्त होतात. आम्हीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. पण गोवरात दगावणारी बरीच मुले त्याच्या मागून येणाऱ्या न्यूमोनियाने किंवा जुलाबाने दगावतात. असे का होते?

१९०८ साली व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांना एक गोष्ट दिसली. क्षयाची लागण झालेल्या मुलांच्या कातडीवर क्षयाच्या चाचणीची खूण उठे. पण गोवर आला की काही दिवस ती उठतच नसे. जणू शरीर त्या जंतूला विसरले होते.

यामागचे कारण माकडांवरील प्रयोगांत उलगडले. माकडांनाही माणसांसारखाच गोवर होतो. विषाणू कुठे जातो ते दिसावे म्हणून संशोधकांनी तो चमकणारा बनवून माकडांना दिला. जुने आजार लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींतच तो शिरलेला आढळला. वर्षानुवर्षे चोरांना ओळखणारे पहारेकरी मारले जावेत आणि नव्यांना एकच चोर ठाऊक असावा, तसे हे. शरीर गोवराला ओळखते, बाकीच्यांना विसरते. मग एरवी परतवले गेलेले जंतू फुप्फुसात आणि कानात घर करतात.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोवर झालेल्या माकडांची आधीची ४० ते ६० टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली दिसली. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांत हे प्रमाण ११ ते ७३ टक्के होते. लस घेतलेल्या मुलांत असे नुकसान आढळले नाही.

२०२२ मध्ये गोवंडी, मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून माता-पित्यांना आमची कळकळीची विनंती आहे. बाळाला नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची पहिली लस आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी द्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. गोवर झालाच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाचे डोस द्या. पुरळ गेल्यावरही काही महिने मुलाकडे लक्ष ठेवा. श्वास जोरात चालला, कान वाहू लागला, जुलाब थांबेनात, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठा.