चौकट : डॉल्फिन स्लॅश

निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये स्टेजबाहेर पडला तो बाद. त्यामुळे हवेत भिरकावलं गेल्यावर परत कसं यायचं, यातच निम्मा खेळ असतो. मार्थ हा तलवारबाज राजपुत्र मूळचा १९९०च्या ‘फायर एम्ब्लेम’मधला, याच मालिकेतल्या ‘मेली’ या गेममध्ये (२००१) तो इथे आला. स्टिक वर करून ‘बी’ दाबलं की तो तलवार उगारत जवळजवळ सरळ वर झेपावतो; हीच ‘डॉल्फिन स्लॅश’. पहिल्या क्षणी घाव जबर, मग जोर ओसरतो. गंमत अशी, की एरवी मार्थचं पातं टोकाशी जास्त लागतं, इथे मात्र अंगाला भिडूनच मारावं लागतं. आडवं अंतर फारसं कापलं जात नाही. झेप संपली की पाय टेकेपर्यंत किंवा स्टेजची कड पकडेपर्यंत दुसरी चाल करता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत, म्हणजे परंपरेने होणाऱ्या दगडफेकीत, जाम नदीतल्या पळसावर झेंड्यासाठी कुऱ्हाड घेऊन चढणारा असाच उघडा पडतो. तिथले दगड मात्र खरे, आणि त्यांनी जीवही घेतले आहेत.

स्मॅशमधल्या ल्युसिना या पात्राकडेही हीच चाल आहे. रॉय या पात्राची ‘ब्लेझर’ म्हणजे या चालीचीच आगीतली बहीण.