कचारगडची गुहा आणि समाजकार्याचे शिक्षण

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो. कथेच्या एका पाठानुसार, कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली. हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुरांनी त्यांच्या अंगात बळ आले आणि दारावरची शिळा सरली. पुढे पारी कुपार लिंगोने त्यांना शिकवले, सगा-गोत्रांत बांधले. मुलांना सांभाळणारी जंगो रायताडही याच परंपरेतली. सांभाळ, सुटका, शिक्षण, संघटन ही समाजकार्याचीच अंगे होत. तरी समाजकार्याच्या अभ्यासक्रमाने या परंपरेकडे दीर्घकाळ पाहिले नाही. त्याचे कारण त्या शिक्षणाच्या जन्मकथेत आहे.

हे शिक्षण मुंबईच्या कामगार वस्तीत जन्मले. ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तेव्हा सेवा ही स्वयंसेवकांची होती. नागपाड्यात काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांचे म्हणणे होते की, नुसता कळवळा पुरत नाही, प्रशिक्षण हवे. त्यातून 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. 1944 पासून ते टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. दानधर्माला शास्त्राची शिस्त लावणारी ही मोठी सुधारणा होती. मात्र व्यक्तिसहयोग कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही चौकट अमेरिकेतून आली, आणि तिच्यासमोर शहरातला एकटा पडलेला माणूस होता. कुळ, गोत्र आणि जंगल यांनी बांधलेला समाज नव्हता.

दुसरी वाटही होती. शाळा निघण्याआधी चार वर्षे, 1932 मध्ये, व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे मंडला भागातील करंजियात गोंडांमध्ये राहायला गेले. हिवाळ्यांनी पुढे परधानांवर, म्हणजे गोंडांची वंशगाथा गाणाऱ्यांवर, ग्रंथ लिहिला. सेवा करायला गेलेला माणूस तेथे विद्यार्थी झाला.

ही वाट मुख्य प्रवाहात यायला फार काळ लागला. 2014 मध्ये स्वीकारलेल्या समाजकार्याच्या जागतिक व्याख्येत मूलनिवासींच्या ज्ञानाला व्यवसायाचा एक आधार मानले गेले. टाटा संस्थेतही दलित आणि आदिवासी अभ्यास ही समाजकार्याची स्वतंत्र शाखा झाली.

आता प्रश्न मान्यतेचा आहे. वैद्यक आणि वकिलीप्रमाणे समाजकार्यालाही वैधानिक परिषद हवी, ही मागणी जुनी आहे. ती रास्तही आहे. अप्रशिक्षित हातांनी दुबळ्यांचे नुकसान होते. पण नोंदणी केवळ पदवीवर ठरली, तर गावातला भूमका, गाथा सांगणारा परधान, ग्रामसभा चालवणारी बाई यांचे ज्ञान पुन्हा शिळेआड जाईल. म्हणून क्षेत्रकार्यासाठी कचारगडच्या परिसरात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात तेथल्या माणसांचाही शब्द असावा. परिषदेच्या मसुद्यात एवढे एक कलम आले, तरी लिंगोच्या शाळेला प्रथमच परीक्षकाची खुर्ची मिळेल.