सही सिस्टरची

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या रात्रीचा काही भरवसा नसतो. चुलबंद आणि वैनगंगेच्या काठचा हा धानपट्टा. बांध्या पाण्याने भरल्या की साप कोरडी जागा शोधत घरात शिरतात आणि खाली अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. कधी कधी दाताची खूणसुद्धा दिसत नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि मग घरचे मोटारसायकलवर मधे बसवून त्याला दवाखान्यात आणतात.

अशी एक रात्र कोणत्याही ग्रामीण रुग्णालयातली धरा. सर्पदंशावरच्या औषधाच्या दहा कुप्या फोडायच्या. प्रत्येकीतली पावडर निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, तीही हलकेच फिरवून, कारण जोरात हलवली की फेस होतो. सलाईनमधून औषध सुरू झालं की पहिला अर्धा तास रुग्णावरची नजर काढायची नाही. अंगावर गांधी उठतात का, दम लागतो का, बघत राहायचं. ॲड्रिनलिन हाताशी तयार ठेवायचं. नेमकी त्याच वेळी लेबर रूममध्ये पहिलटकरीण आहे. तिच्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने ऐकून पार्टोग्राफवर मांडायचे आहेत. नाईटला सिस्टर एकच. डॉक्टर तपासून, औषध सांगून दुसऱ्या रुग्णाकडे गेलेत.

नर्सिंगच्या पुस्तकात नीतिमूल्यांचा धडा असतो. भारतीय परिचर्या परिषदेची आचारसंहिताही 2006 पासून आहे. प्रत्येक रुग्णाला सारखी काळजी मिळावी, असं त्यात कुणीही लिहील. पण या घटकेला सिस्टरपुढे असलेला प्रश्न वेगळा आहे: अर्धा तास कुणाकडे पाठ करायची?

पुढे ठोके मंदावले आणि बाईला भंडाऱ्याला रेफर करायचं ठरलं, तर दुसरा पेच. 102 ची गाडी दारात उभी आहे. सोबत सिस्टर गेली तर वॉर्ड उघडा. नाही गेली तर वाटेत काही झालं की पहिला सवाल तिलाच. भंडारा काही शेजारचं गाव नव्हे. सासू हात धरून विचारते, ‘बाई, पोरीले का झालं सांग ना.’ निदान सांगायचा अधिकार डॉक्टरांचा. पण डॉक्टर समोर नाहीत, सिस्टर आहे.

तोंडी ऑर्डरचंही तेच. रात्री फोनवर ‘अमुक इंजेक्शन द्या’ म्हणतात, ती देते. डॉक्टरांची सही सकाळी होते, कधी राहूनही जाते. इंजेक्शनच्या नोंदीखाली मात्र तिची सही त्याच मिनिटाला पडलेली असते. नियम सांगतो, ऑर्डर लेखी घ्या. नियम बरोबरच आहे. फक्त रात्री दोन वाजता वरिष्ठाला ‘आधी लिहून द्या, सर’ म्हणायला कंत्राटी नोकरीतल्या मुलीकडे काय लागतं, ते नियमात लिहिलेलं नाही.

या जिल्ह्यात हा विषय पुस्तकातला राहिलेला नाही. 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. आत 17 बाळं होती. सात वाचली, दहा गेली. सुरुवात वॉर्मरमधल्या ठिणगीने झाली, असं चौकशीत पुढे आलं. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवली गेली. फेब्रुवारीत पोलिसांनी दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला.

त्या रात्री कोण कुठे होतं आणि कुणाची कसूर किती, हे ठरवायला न्यायालय आहे. लेखकाने त्यात पडू नये. पण बाळाजवळ कुणीतरी हजर असणं हे परिचारिकेचं पहिलं काम, हे मान्य करूनही हिशेब उरतोच. वॉर्मर ती विकत घेत नाही. वायरिंग ती तपासत नाही. धुराची सूचना देणारी यंत्रणा बसवायची की नाही, ते तिला कुणी विचारत नाही. अशा कक्षात प्रत्येक पाळीला तीन-चार खाटांमागे एक परिचारिका असावी, ही शासनाचीच मार्गदर्शक सूचना. त्या मापाने 17 बाळांना पाच-सहा जणी लागतात.

अपुऱ्या माणसांत काम चालवून घेणं हा आपल्याकडे सद्गुण समजला जातो. माझ्या मते तोच या पेशातला सर्वांत धोकादायक सद्गुण. ‘माझ्याने इतके रुग्ण होणार नाहीत’ असं रिपोर्ट बुकात लिहिणारी सिस्टर कटकटी ठरते, आणि न लिहिणारीला उद्या विचारतात, तेव्हा का नाही बोललीस?

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट सिस्टरला जपावी लागते, सिकलसेलची. या आजाराच्या उच्चाटनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला शहडोलहून सुरू झालं. गावोगाव रक्त तपासलं जातं, कार्ड मिळतं. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक, म्हणून लग्नाआधी कळणं चांगलंच. पण कळायचं कुणाला? आरोग्यसेविका त्याच पंचक्रोशीतली असते. आठवडी बाजारात मुलाची आत्या तिला गाठते: ‘त्या पोरीच्या कार्डावर का आहे?’ खरं सांगितलं तर गोपनीयता मोडली. गप्प बसली तर ते गप्प बसणंच उत्तर होतं. जाणत्या सेविका यावर एक तोड काढतात, ‘दोघांनाही दवाखान्यात घेऊन या, मी समोरासमोर समजावते.’ आत्या रागावते, पण पोरीचं कार्ड पोरीच्या हाती राहतं.

परिचारिकांच्या शब्दाला वजन मिळाल्याचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 साली अत्याचार झाला. 2015 पर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांना अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं सहकारी परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्या करत आल्या. दयामरणाच्या याचिकेवर 2011 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. निकाल पटो न पटो, जी रोज कूस बदलते तिला विचारा, इतकं तरी त्यातून निघालं.

आठ वाजता सकाळची सिस्टर येते. खाटेखाटेपाशी थांबत ओव्हर दिली-घेतली जाते: सर्पदंशाचा रुग्ण, दहा कुप्या गेल्या, पापण्या उघडतोय, लेबर रूममधली भंडाऱ्याला रवाना. रात्रीची सिस्टर सगळं लिहून काढते. पानाच्या शेवटी पेन थोडं थांबतं. मग ती आणखी एक ओळ लिहिते, ‘रात्रपाळीस परिचारिका एक, अत्यवस्थ रुग्ण दोन,’ आणि तिच्याखाली सही करते.