लॉगिंग लायब्ररी: सगळं एकत्र घ्यायचं की सुटं?

समजा, धुळे-जळगाव बसचं तिकीट तुम्ही एखाद्या अ‍ॅपवर काढलं. पैसे कापले गेले, तिकीट आलंच नाही. नेमकं कुठे अडकलं हे शोधायला इंजिनिअर आधी लॉग उघडतो. लॉग म्हणजे सॉफ्टवेअरची रोजनिशी: किती वाजता काय झालं, एरर कुठे आली. हे लिहिण्याचं काम लॉगिंग लायब्ररी करते. ती एकाच मोठ्या पॅकेजमध्ये असावी की वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये, हा आमच्याकडचा जुना वाद.

एक पॅकेज सोपं. एक ओळ टाकली की फाइल, डेटाबेस, ईमेल, कुठेही लॉग पाठवा. पण जे कधीच लागणार नाही, तेही सोबत येतं. त्याची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये कळली. जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीत लॉगफोरशेल ही त्रुटी उघड झाली. तीव्रता १० पैकी १०. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर गेला की लायब्ररी जेएनडीआय या सोयीतून बाहेरच्या सर्व्हरला विचारायला जायची आणि हल्लेखोराचा कोड चालू शकायचा. माइनक्राफ्टमध्ये तर चॅटमधला एक मेसेज पुरे होता! ज्यांना जेएनडीआय लागतच नव्हतं, त्यांच्याकडेही ते सुरूच होतं.

गंमत म्हणजे लॉगफोरजे तेव्हाही सुटंच होतं: एपीआय वेगळं, कोअर वेगळं. त्रुटी कोअरमध्ये होती. स्प्रिंग बूटचं मूळ सेटिंग न बदललेले प्रोजेक्ट लॉगबॅक वापरतात, त्यात लॉगफोरजेचं फक्त एपीआय असतं, म्हणून ते वाचले. म्हणजे नुसते तुकडे पाडून भागत नाही. धोक्याची सोय कुठल्या तुकड्यात ठेवली, ते बघायचं. आणि ज्यांनी सगळ्या लायब्ररी एकाच जार फाइलमध्ये कोंबल्या होत्या, त्यांना लॉगफोरजे आत आहे का हे शोधणंच अवघड गेलं. फाइलच्या नावावरून काही कळत नाही ना.

सुट्या भागांचीही कटकट आहेच. एसएलएफफोरजेची २.० आवृत्ती आणि लॉगबॅकची जुनी १.२ जोडली, तर अ‍ॅप चालतं, पण सुरुवातीला एक इशारा दिसतो आणि पुढे लॉग गायब!

जळगाव-धुळ्यात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पायथनमध्ये करत असाल, तर त्यातलं तयार लॉगिंग मॉड्यूल भरपूर झालं. पण लोकांचे पैसे हाताळणारा सर्व्हर असेल तर मी सुटेच भाग घेईन, आणि दर रिलीजआधी मेव्हनची डिपेंडन्सी ट्री कमांड चालवून आत काय काय आलंय ते बघेन.