बुधवारी सात वाजता, तिकीट नाही

अमेरिकेतल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे स्टॅनफर्ड, बर्कली, एमआयटी ही नावं ओळीने येतात. कम्युनिटी कॉलेजचं नाव कुणी काढत नाही. काढलंच तर जरा नाक मुरडून. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, त्या मानाने बेताची फी, टक्केवारीची अट नाही. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारे, नर्सिंगला जाऊ पाहणारे, दोन वर्षं इथे काढून पुढे विद्यापीठ गाठणारे, असे सगळे इथे एकाच बाकावर. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. आणि तिथली एक नावाजलेली खगोलशास्त्रीय व्याख्यानमाला उभी राहिली ती स्टॅनफर्डमध्ये नव्हे, तर तिथून काही मैलांवरच्या अशाच एका कॉलेजात.

लॉस आल्टोस हिल्समधलं हे फूटहिल कॉलेज. हमरस्त्यालगतच्या टेकडीवर, उतरत्या छपरांच्या बैठ्या इमारतींचं. १९९९ साली इथे ‘सिलिकॉन व्हॅली अ‍ॅस्ट्रॉनॉमी लेक्चर्स’ सुरू झाली. शैक्षणिक वर्षात साधारण सहा व्याख्यानं. वार बुधवार, वेळ संध्याकाळी सात, जागा स्मिथविक थिएटर. प्रवेश फुकट. पैसे लागायचे ते गाडी लावायला, तेही दोन-तीन डॉलर. सुटे जवळ ठेवा, अशी सूचना निमंत्रणातच असायची. आमच्याकडच्या कार्यक्रमपत्रिकांनी ‘आग्रहाचे निमंत्रण’ थोडं आखडतं घेऊन पार्किंगचं सांगायला हरकत नाही.

हे घडवून आणलं अँड्र्यू फ्रॅकनॉय यांनी. जन्म हंगेरीतला, लहानपणीच अमेरिकेत आले. १९७८ ते १९९२ अशी चौदा वर्षं त्यांनी ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ द पॅसिफिक’चा कारभार पाहिला आणि मग फूटहिलमध्ये खगोलशास्त्र शिकवू लागले. त्यामुळे देशभरातले खगोलशास्त्रज्ञ त्यांच्या ओळखीचे आणि वर्गात मात्र गणिताला बिचकणारी मुलं. व्याख्यानमालेचं सगळं इंगित मला या दुहेरी अनुभवात दिसतं. कुणाला बोलवायचं हे ठाऊक होतं आणि कुणासमोर बोलायचंय हेही. २०१६ मध्ये ‘ओपनस्टॅक्स’ने विनामूल्य उपलब्ध केलेल्या खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे ते एक प्रमुख लेखक. २०१७ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले, व्याख्यानमाला चालू राहिली.

भूगोलही मदतीला होताच. नासाचं एम्स संशोधन केंद्र आणि परग्रहांवरच्या जीवसृष्टीचा शोध घेणारी सेटी इन्स्टिट्यूट, दोन्ही शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये. दोन्ही संस्था या उपक्रमात सहभागी. वक्ता आणायला विमानाचं तिकीट काढावं लागतंच असं नाही. परग्रहांवरच्या संस्कृतींची संख्या अजमावणारं समीकरण १९६१ मध्ये मांडणारे फ्रँक ड्रेक इथे बोलले. प्लूटोची ग्रहपदावरून उचलबांगडी व्हायला ज्यांचे शोध कारणीभूत ठरले ते माइक ब्राउनही बोलले.

तेव्हा एम्समध्ये असलेल्या नटाली बटाला इथे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या केप्लर दुर्बिणीविषयी बोलल्या. विषय ऐकायला अवघड, पण गाभा शाळकरी भूमितीतला. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट. म्हणजे तबकडीचं क्षेत्रफळ १०९ गुणिले १०९, जवळजवळ १२ हजार पट. सूर्यासारख्याच दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारी एखादी पृथ्वी आपल्या आणि त्या ताऱ्याच्या मधून गेली, तर त्याचा प्रकाश १२ हजारांत एक भाग एवढाच घटणार. तोही काही तास आणि वर्षातून एकदा. शिवाय तिची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत यायला हवी. तशी शक्यता दोनशेत एक. म्हणून २००९ मध्ये सोडलेल्या केप्लरने एकाच वेळी सुमारे दीड लाख तारे नजरेखाली ठेवले. २०१८ मध्ये ती थांबली, तोवर अडीच हजारांहून अधिक परग्रह पक्के झाले होते. एवढा हिशेब श्रोत्याच्या हाती दिला की दुर्बीण इतक्या ताऱ्यांकडे का बघत बसली, हे वेगळं सांगावं लागत नाही. अवकाशातली रंगीत चित्रं पडद्यावर सरकवत ‘अद्भुत, अद्भुत’ म्हणणाऱ्या भाषणांपेक्षा मला हे केव्हाही मोलाचं वाटतं.

भाषणानंतर प्रश्नोत्तरं. तिथे शास्त्रज्ञाची खरी कसोटी लागते, कारण श्रोत्यांसमोर परिभाषेच्या आडोशाला जाता येत नाही. ही व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. अमेरिकेतलं इंग्रजी कानाला पचत असेल तर जरूर पाहा.

याच कॉलेजात वेधशाळाही आहे. ‘पेनिन्सुला अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी’चे हौशी आकाशनिरीक्षक आभाळ मोकळं असेल त्या शुक्रवारी रात्री ती लोकांसाठी उघडतात. बुधवारी ऐकावं, शुक्रवारी बघावं.

मराठी माणसाला व्याख्यानमालेचं अप्रूप नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणतेय. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात. तरी शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, अध्यक्षीय समारोप यांतून वाट काढत प्रश्नांपर्यंत पोचेतो निम्मं सभागृह चपला शोधत असतं. त्याला अपवाद मुंबईत सापडतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ २००९ मध्ये जुहूच्या पृथ्वी थिएटरात सुरू झाला आणि पुढे माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजातही भरू लागला. रविवारची सकाळ, हातात चहा, आणि शास्त्रज्ञाला मध्येच अडवून विचारायची मुभा.